खडीनं राखलेलं रान

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउथहॅम्प्टन आणि बोर्नमथ ही दोन शहरं आहेत. त्यांच्या मधल्या पट्ट्यात न्यू फॉरेस्ट पसरलं आहे. तिथल्या कुठल्याही कच्च्या वाटेवर थांबून मूठभर खडी उचलून पाहावी. मधाच्या रंगाचे, राखाडी, क्वचित काळपट दगड हातात येतात. काही झिजून गोटे झालेले असतात, बरेचसे फुटलेले असतात, आणि फुटलेल्यांच्या कडा इतक्या धारदार की त्यांवरून अंगठा जपूनच फिरवावा. ही चकमक. आदिमानवानं हातकुऱ्हाडी घडवल्या त्या हिच्याच, आणि आज सायकलचे टायर चिरते तीही हीच.

दक्षिण इंग्लंडच्या पोटात खडूच्या खडकाचे जाड थर आहेत. डायनासोरांच्या काळातल्या समुद्राच्या तळाशी ते साचले. त्या समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यात सिलिका होती. ती विरघळून पुन्हा घट्ट झाली आणि खडूच्या थरांमध्ये चकमकीचे वेडेवाकडे गोळे तयार झाले. खडू मऊ, तो झिजून गेला; चकमक कठीण, ती उरली. पुढे हिमयुगात सोलेंट नावाची मोठी नदी या प्रदेशातून पूर्वेकडे वाहत होती. तिनं आणि तिच्या उपनद्यांनी ही चकमकीची खडी वाहून आणून वाळू आणि चिकणमातीच्या जुन्या थरांवर पसरली. नदी आपलं पात्र खोल करत गेली तसतसे खडीचे जुने सपाट पट्टे वर राहिले. आज न्यू फॉरेस्टच्या उत्तर भागात ते समुद्रसपाटीपासून सुमारे 130 मीटर उंचीवर सापडतात, आणि तिथून टप्प्याटप्प्यानं किनाऱ्यापर्यंत उतरत येतात. हिमयुग संपलं, समुद्र चढला आणि नदीचं खोरं बुडालं. मुख्य भूमी आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधली सामुद्रधुनी आज त्या नदीचं नाव चालवते.

खडीचं एवढं पुराण सांगायला कारण आहे. ग्रॅव्हल बायकिंग म्हणजे खडीच्या, मुरमाच्या वाटांवरची लांब पल्ल्याची सायकलस्वारी. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ती जगभर वाढली. तिच्याबद्दलचं बहुतेक लिखाण सायकलीबद्दल असतं: चौकट कुठल्या धातूची, टायर किती रुंद, गिअर किती. मला मात्र चाकाखालच्या खडीबद्दल बोलायचं आहे. न्यू फॉरेस्टमध्ये चाकाखालचा रस्ता, दोन्ही बाजूंचा जांभळा माळ आणि तो माळ नऊशे वर्षं टिकवून धरणारा कायदा, हे तिन्ही त्या एकाच निकस खडीतून आलेले आहेत. हे कळलं की तिथली स्वारी निराळीच होते.

आधी सायकल. लांबून पाहिलं तर ग्रॅव्हल बाइक रेसच्या सायकलीसारखीच दिसते. हँडल तसंच खाली वळलेलं. फरक जवळ गेल्यावर कळतो. हँडलची खालची टोकं बाहेर फाकलेली असतात, म्हणजे खडबडीत उतारावर पकड रुंद मिळते. दोन चाकांमधलं अंतर जरा जास्त असतं, त्यामुळे सैल खडीत सायकल वळवळत नाही. पुढे बहुधा एकच दातेरी चक्र, साधारण चाळीस दातांचं. मागे मात्र सर्वात मोठं चक्र त्याहूनही मोठं असू शकतं, म्हणजे निसरड्या चढावर बसल्या बसल्या, मागच्या चाकावर भार ठेवून, हळू पेडल मारता येतं. ब्रेक डिस्कचे, कारण ओल्या वाळूनं माखलेल्या रिमवर रबर घासलं तर रिमच झिजते.

पण खरा बदल टायरचा. रोड बाइकचा टायर 25 ते 28 मिलिमीटर रुंद आणि दगडासारखा टणक. ग्रॅव्हलचा 40 ते 45 मिलिमीटर, आणि हवा त्याच्या निम्म्याहूनही कमी. जास्त हवा म्हणजे जास्त वेग, अशी आपली लहानपणापासूनची समजूत असते. गुळगुळीत डांबरावर ती बऱ्याच अंशी खरीही आहे. खडीवर मात्र टणक टायर प्रत्येक दगडावर चढतो, सायकल आणि स्वार दोघांना उचलतो आणि आपटतो. त्या उचलण्याला लागणारी शक्ती आपल्याच पायांतून येते आणि आपल्याच स्नायूंत, आतड्यांत विरून जाते. मऊ टायर दगड पोटात घेतो आणि सायकल सरळ पुढे जाते. म्हणून खडीवर कमी हवेचा रुंद टायर नुसता आरामाचा नसतो, तो अधिक वेगाचाही असतो.

ही काही नवी कल्पना नव्हे. डांबर येण्यापूर्वी सगळेच रस्ते कच्चे होते आणि सगळ्याच सायकली त्यांवर चालत. 1919 साली ‘वेफेअरर’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या डब्ल्यू. एम. रॉबिन्सन यांनी वेल्समधल्या बर्विन डोंगररांगेवरून, बर्फातून, सायकल ओलांडून नेली आणि त्यावर लिहिलं. त्या लिखाणानं ब्रिटिश सायकलस्वारांच्या पिढ्या आडवाटेला लागल्या. 1955 साली लेमिन्स्टर गावातल्या एका पबमध्ये जमलेल्या मंडळींनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ स्थापन केली. कच्च्या वाटांवर सायकल चालवणाऱ्यांचा हा जगातला सर्वात जुना क्लब समजला जातो. वेगळ्या प्रकारची सायकल, वेगळं नाव आणि स्पर्धा हा भाग अमेरिकेतून आला. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावी 2006 साली 200 मैलांची शर्यत सुरू झाली, ती आज ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावानं ओळखली जाते. 2022 साली इटलीतल्या व्हेनेतो प्रांतात ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली.

आता माळ. न्यू फॉरेस्ट म्हणजे नुसतं जंगल नव्हे. त्याच्या मोठ्या भागावर झाडंच नाहीत. तिथे हीथ आहे, म्हणजे गुडघाभर उंचीच्या काटक झुडपांचा उघडा माळ. कोरड्या जागी साधं हेदर आणि बेल हेदर, ओलसर जागी क्रॉस-लीव्ह्ड हीथ, मध्ये मध्ये पिवळ्या फुलांच्या काटेरी गोर्सच्या जाळ्या, उतारांवर नेच्यांची दाटी, आणि खोलगट भागांत पीटची दलदल. दलदलीत ड्रॉसेरा ही कीटकभक्षी वनस्पती उगवते. जमिनीत अन्न इतकं कमी की तिला ते माश्यांमधून मिळवावं लागतं. ऑगस्टमध्ये हेदर फुलतं आणि मैलच्या मैल माळ जांभळा होतो. ब्रिटनच्या सखल भागातली एवढी मोठी हीथ दुसरीकडे उरलेली नाही.

हा माळ मुळात असा नव्हता. हिमयुगानंतर इथेही अरण्य होतं. ब्राँझ युगातल्या, म्हणजे सुमारे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या, शेतकऱ्यांनी ते तोडलं, जाळलं आणि गुरं घातली. माळावर जागोजागी मातीचे गोल उंचवटे दिसतात, ती त्याच लोकांची थडगी. परागकणांचे अभ्यासक जेफ्री डिंबल्बी यांनी 1950च्या दशकात अशा थडग्यांखालची माती तपासली. उंचवट्यानं झाकल्यामुळे तिथे जुनी जमीन जशीच्या तशी शिल्लक होती: जंगलाची सुपीक तपकिरी माती, झाडांच्या परागांसह. आजूबाजूला मात्र राखेच्या रंगाची आंबट, निकस माती. झाडं गेल्यावर पावसानं खडीतून आणि वाळूतून लोह आणि इतर पोषकद्रव्यं खाली वाहून नेली. खाली ती साचून लोखंडी पापुद्रा झाला, वर काही उरलं नाही. चिकणमातीच्या सुपीक जमिनीवर हेच शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या नांगरत राहिले असते आणि आज तिथे गव्हाची शेतं दिसली असती. खडीच्या जमिनीनं काही पिढ्यांत हात वर केले. नांगर निघून गेला, गुरं राहिली.

गुरं राहिली हे महत्त्वाचं, कारण हीथ आपोआप टिकत नाही. चराई थांबली की बर्च आणि पाइनची रोपं उगवतात आणि दोन-तीन दशकांत माळाचं विरळ जंगल होतं. हीथ म्हणजे खाल्ली जाणारी, कापली जाणारी, अधूनमधून जाळली जाणारी जमीन. न्यू फॉरेस्टमध्ये आजही हिवाळ्यात ठरावीक पट्टे आखून जाळतात, म्हणजे जून झालेलं हेदर आणि गोर्स पुन्हा कोवळं फुटतं.

1079 साली विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजानं हा मुलूख आपल्या शिकारीसाठी राखला. झाडी असो वा उघडा माळ, हरणं पोसली गेली पाहिजेत, एवढाच त्याचा हेतू. मुलूख निवडताना राजाला मोबदला फारसा मोजावा लागला नाही, कारण इथे मुळातच वस्ती विरळ आणि शेती गरीब. तरीही जे लोक इथे राहत होते त्यांच्यावर कायदा कडक होता. शेताला उंच कुंपण घालायचं नाही, हरणांची वाट अडवायची नाही. त्या बदल्यात त्यांची जनावरं मोकळ्या रानात चरण्याचा हक्क मान्य झाला. राजाचा मुलगा, दुसरा विल्यम, 1100 साली याच रानात शिकारीत बाण लागून मेला. त्या जागी म्हणून उभारलेला दगड आज पर्यटक पाहतात. राजे गेले, शिकारही गेली, पण चराईचा हक्क टिकला. इथल्या इतिहासातलं सर्वात विलक्षण पान मला तेच वाटतं.

हा हक्क माणसाला नसतो, घराला किंवा जमिनीला असतो. ठरावीक घरात राहणारा माणूस ‘कॉमनर’ ठरतो आणि ठरावीक शुल्क भरून आपली घोडी, गाय, गाढव, डुक्कर रानात सोडू शकतो. आपल्याकडच्या गायरानाची कल्पना ज्याला आहे त्याला हे लगेच उमजेल. न्यू फॉरेस्टमध्ये पाचेक हजार तट्टं मोकळी फिरतात. पर्यटक त्यांना रानटी समजतात, पण एकही तट्टू बेवारशी नाही. प्रत्येकावर मालकाचा डाग असतो. शरद ऋतूत ती हाकून एकत्र आणतात आणि शुल्क भरलेल्या तट्टाच्या शेपटीचे केस त्या त्या भागाच्या खुणेनं कापतात. हे काम करणारे घोडेस्वार म्हणजे ‘अ‍ॅजिस्टर’. त्यांच्या वर ‘व्हर्डरर’ यांचं न्यायालय, जे आजही लिंडहर्स्ट गावातल्या जुन्या दालनात भरतं.

मधल्या काळात हे सगळं बुडणार होतं. 1698 साली नौदलाच्या जहाजांसाठी ओकचं लाकूड हवं म्हणून सरकारनं कायदा करून रानात कुंपणं घालून झाडं लावायला सुरुवात केली. त्याच कायद्यानं ओकच्या फांद्या वरून छाटायला बंदी झाली. म्हणून न्यू फॉरेस्टमध्ये डोकं छाटून फुटवे फुटलेला म्हातारा ओक दिसला की तो तीनशे वर्षांहून जुना, हे ओळखायचं. 1851 साली पुढचा घाव बसला. सरकारनं हरणांवरचा हक्क सोडला आणि त्या बदल्यात आणखी दहा हजार एकर कुंपणात घेण्याची मुभा मिळवली. पाइनच्या रांगा माळावर चढू लागल्या. कॉमनर आणि रानावर प्रेम करणारे लोक पंचवीस वर्षं भांडले, आणि 1877 साली संसदेनं नवा कायदा करून कुंपणं वाढवणं थांबवलं. व्हर्डररांचं न्यायालय, जे मुळात राजाचा शिकारी कायदा राबवण्यासाठी होतं, तेच कॉमनरांच्या हक्कांचं राखणदार झालं. 2005 साली राष्ट्रीय उद्यान झालं, त्याच्या सव्वाशे वर्षं आधीच रान वाचलेलं होतं, आणि ते वाचवणाऱ्यांना आपण ‘पर्यावरण’ वाचवतोय असं वाटत नव्हतं. त्यांना आपल्या घोड्यांची कुरणं हवी होती.

सायकलच्या वाटा या भांडणातूनच निघाल्या. कुंपणातलं लाकूड बाहेर काढायला गाड्या लागत, गाड्यांना रस्ता लागे, आणि रस्त्याला लागणारी खडी पायाखालीच होती. इथल्या खडीत चिकणमाती मिसळलेली असते. आपल्या मुरमासारखं तेच मिश्रण ओलं करून दाबलं की घट्ट बसतं. चकमकीच्या फुटक्या कडा एकमेकींत अडकतात आणि चिकणमाती त्यांना धरून ठेवते. गोल गोट्यांचा रस्ता असा बसत नाही, तो चाकाखाली निसटत राहतो. माळावरची कित्येक डबकी म्हणजे या खडीच्या जुन्या खाणी, ज्यांवर आता तट्टं पाणी पितात. दोन्ही महायुद्धांत लाकडाची गरज प्रचंड वाढली आणि रस्ते आणखी आत शिरले. पहिल्या महायुद्धात पोर्तुगीज तुकडीनं इथे लाकूडतोड केली. त्यांच्या स्वयंपाकघराची दगडी चूल लिंडहर्स्टजवळच्या रस्त्याकडेला स्मारक म्हणून जपली आहे.

रेल्वेचाही एक तुकडा सायकलींच्या वाट्याला आला. 1847 साली सुरू झालेली साउथहॅम्प्टन ते डॉर्चेस्टर ही लाइन इतकी वळणावळणाची होती की तिचे प्रवर्तक चार्ल्स कॅसलमन यांच्या नावावरून लोक तिला ‘कॅसलमनचा कॉर्कस्क्रू’ म्हणत. ब्रोकनहर्स्ट ते रिंगवुड हा तिचा भाग 1964 साली बंद झाला. रूळ उखडले, भराव राहिला, आणि बर्ली गावाच्या बाजूला त्या भरावावरून आज सायकली जातात. आगगाडीला जमेल एवढाच चढ, दोन्ही बाजूंना माळ. लहान मुलांना घेऊन जायला याहून चांगली वाट नाही.

आणि विमानतळ. दुसऱ्या महायुद्धात न्यू फॉरेस्टमध्ये आणि आसपास बारा विमानतळ उभे राहिले. कारण पुन्हा तेच: खडीचे सपाट, पाणी न साचणारे, शेती नसलेले पठारी पट्टे. ब्यूली हीथ आणि स्टोनी क्रॉस इथून बाँबफेकी आणि लढाऊ विमानं उडत. युद्धानंतर धावपट्ट्यांचं काँक्रीट बरंचसं उखडून नेलं, पण त्यांची आखणी उरली. ब्यूली हीथवर विमानतळाच्या कडेचा जुना रस्ता आज सायकलमार्गाचा भाग आहे, आणि त्या सपाट उघड्या माळावर समुद्राकडून येणारा वारा समोरून लागला की रुंद टायर, हलके गिअर यांचा काहीच उपयोग होत नाही. वायव्येकडच्या अ‍ॅशली वॉक या बाँबचाचणीच्या क्षेत्रात 13 मार्च 1945 रोजी ‘ग्रँड स्लॅम’ हा दहा टनी बाँब पहिल्यांदा टाकून पाहिला. दुसऱ्याच दिवशी तसाच बाँब जर्मनीतल्या बीलेफेल्डच्या रेल्वेपुलावर पडला. अ‍ॅशली वॉकवर आज हेदर आहे.

बहुतेक सायकलस्वार स्वारीला ब्रोकनहर्स्टपासून सुरुवात करतात. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून रेल्वेनं सुमारे दीड तास. स्थानकातून निघताना भारतीय माणसानं गावात थोडं थांबावं. इथे एका रस्त्याचं नाव मेरठ रोड आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत जखमी झालेले भारतीय सैनिक साउथहॅम्प्टन बंदरावरून इथे आणले जात. 1914-15 मध्ये गावातली दोन हॉटेलं त्यांच्यासाठी इस्पितळं झाली, आणि जखमी भारतीयांसाठी लेडी हार्डिंज हॉस्पिटलही इथेच चालवलं गेलं. टेकडीवरच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात सुखा या माणसाची कबर आहे. बरेलीचा सुखा या इस्पितळात सफाई कामगार होता. 12 जानेवारी 1915 रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी तो वारला. कहाणी अशी सांगतात की अस्पृश्य म्हणून हिंदूंनी त्याचं दहन नाकारलं, मुसलमान नाही म्हणून वोकिंगच्या मशिदीनं दफन नाकारलं, आणि अखेर गावच्या पाद्र्यानं आपल्या आवारात जागा दिली. त्याचा दगड गावकऱ्यांनी वर्गणी काढून उभारला. आपल्याकडच्या विषमतेची एवढी लांब पोचलेली खूण मी दुसरी पाहिलेली नाही.

गावातून पश्चिमेला वळलं की राइनफील्डची वाट लागते. इथे 1859 साली लावलेले डग्लस फर आणि राक्षसी सिकोया रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे आहेत. काहींची उंची पन्नास मीटरच्या आसपास. हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे वृक्ष, इथल्या मातीचे नव्हेत. मला त्यांच्यापेक्षा थोडं पुढचा नाइटवुड ओक जास्त भावतो, डोकं छाटून वाढवलेला, पाचशे वर्षांच्या आसपासचा मानला जाणारा. त्यापुढे बोल्डरवुड, जिथे हरणांचा कळप पाहायला लाकडी मचाण आहे. तिथून उत्तरेकडे वाट माळावर निघते आणि झाडांची सावली एकदम संपते.

कुंपणातल्या जंगलातून माळावर बाहेर पडताना एक फाटक लागतं. ते उघडून पार झालं की बंद करायचंच. उघडं राहिलं तर तट्टं आत शिरतात आणि रोपं खातात. माळावर आल्यावर रस्त्याचा पोतही बदलतो. जंगलात ओलाव्यानं खडी बसलेली असते; माळावर उन्हावाऱ्यानं चिकणमाती उडून जाते आणि वर सैल दगडांचा थर येतो. गाड्यांच्या चाकांच्या दोन पट्ट्यांवर तो दाबलेला असतो, मध्ये आणि कडेला ढीग. पट्टीवरून जायचं, वळणावर ढिगात शिरायच्या आधीच वेग कमी करायचा, वळताना पुढचा ब्रेक सोडायचा. हँडल आवळून धरलं तर सायकल भांडते. हात सैल ठेवले तर ती आपली वाट आपण शोधते. नजर चाकासमोर नाही, वीस-तीस पावलं पुढे. पाऊस पडून गेल्यावर चकमकीच्या कडा धुऊन वर येतात आणि पंक्चर वाढतात. ट्यूबलेस टायरमधलं सीलंट लहान भोकं बुजवतं. टायरची बाजू आडवी चिरली गेली तर सीलंट पुरत नाही, आतून जाड प्लास्टिकचा तुकडा लावून ट्यूब घालावी लागते. इंग्लंडच्या नोटा आता प्लास्टिकच्या आहेत आणि अडचणीला त्या कामी येतात.

कॅन्ससची ती प्रसिद्ध शर्यत ज्या टेकड्यांतून जाते त्यांना फ्लिंट हिल्स म्हणतात, म्हणजे चकमकीच्या टेकड्या. तिथेही खडक आणि चकमक इतकी वर की नांगर चालेना. म्हणून उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या अफाट प्रेअरीपैकी जे चार टक्क्यांहून कमी गवत उरलं, त्यातलं बहुतेक याच टेकड्यांत आहे. तिथेही वसंतात गवत जाळतात आणि गुरं चारतात. दोन खंडांत, दोन वेगळ्या इतिहासांत, एकच गोष्ट घडली: माती हरली तिथे माळ जिंकला, आणि नंतर त्या माळावर खडीची वाट सायकलला मिळाली.

तिसरं उदाहरण सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडे आहे. आपले मुरमाड माळ. तिथेही माती वीतभर, खाली मुरूम. तिथेही धनगरांच्या मेंढ्या आणि लांडगा, चिंकारा, धाविक. नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. तरीही सरकारी नकाशात हे माळ बहुधा ‘पडीक’ असतात, आणि पडीक म्हटलं की तिथे झाडं लावायची किंवा कारखाना आणायचा. इंग्लंडच्या कायद्यातही न्यू फॉरेस्टचा उघडा भाग शतकानुशतकं ‘वेस्ट’ म्हणूनच नोंदला गेला. फरक एवढाच की तिथल्या पडीक जमिनीवर कुणाचा तरी चराईचा हक्क लिहिलेला होता, आणि तो बजावणारं न्यायालय होतं. आपल्या धनगरांच्या वाटांना तसा कागद मिळाला नाही. मुरमाच्या रस्त्यांवर रुंद टायरच्या सायकली आता पुण्याच्या आसपास दिसू लागल्या आहेत; चकमकीच्या जागी बाभळीचा काटा, एवढाच बदल. त्या स्वारांनी आपण कुठल्या जमिनीवरून जातोय हे जाणून घ्यावं, असं मला फार वाटतं.

न्यू फॉरेस्टमध्ये सायकलस्वाराला पाळावा लागणारा नियम कडक आहे, आणि तो योग्यच आहे. चालणारा माणूस आणि घोडेस्वार सरकारी रानात कुठेही जाऊ शकतात. सायकल मात्र फक्त आखलेल्या मार्गांवर. असे सुमारे 160 किलोमीटर मार्ग आहेत आणि त्यांच्या चौकांवर आकडे लिहिलेले बुटके लाकडी खांब आहेत. फोनवरच्या नकाशात दिसणारी प्रत्येक पायवाट, आधी कुणी तरी सायकलनं गेल्याची प्रत्येक रेघ, म्हणजे परवानगी नव्हे. हेदरची मुळं उथळ असतात. चाकांची एक ओळ तिथून गेली की पावसाचं पाणी त्याच ओळीतून वाहतं आणि वर्षा-दोन वर्षांत ओघळ पडतो. त्याहून मोठं कारण पक्ष्यांचं. मार्च ते जुलै कर्ल्यू, टिटवीच्या जातीचा लॅपविंग, आणि मे महिन्यात आफ्रिकेतून येणारा नाइटजार हे माळावर थेट जमिनीवर अंडी घालतात. पाचोळ्याच्या रंगाचा नाइटजार हातभर अंतरावरही दिसत नाही. चाकाला तर नाहीच.

तट्टांजवळून जाताना पेडल थांबवून, लांबून जायचं. त्यांना काही खाऊ घालायचं नाही. खाऊ घातलेली तट्टं रस्त्याकडेला घोटाळतात आणि गाड्यांखाली येतात. रात्री दिसावीत म्हणून कित्येकांच्या गळ्यात चकाकणारे पट्टे बांधलेले असतात. शरद ऋतूत ओकची फळं पडू लागली की कॉमनर काही आठवडे आपली डुकरं रानात सोडतात. ही फळं तट्टांना आणि गुरांना विषारी, डुकरांना मात्र मेजवानी. ती खाऊन डुकरं जमीन मोकळी करतात. त्या दिवसांत वळणावर एखादी पिलावळ वाट अडवून बसलेली असू शकते, आणि मार्गाचा हक्क तिचा असतो.

आज चिंता हीथपेक्षा कॉमनरांची आहे. राष्ट्रीय उद्यानातली घरं श्रीमंतांनी सुट्टीसाठी घेतली, किमती इतक्या चढल्या की तट्टं पाळणाऱ्या घरातल्या तरुणांना गावात घर घेता येत नाही. तट्टू विकून फारसं काही सुटत नाही. लोक ते बापजाद्यांचं काम म्हणून करतात. ती माणसं गेली तर तट्टं जातील, आणि मग बर्च आणि पाइन माळ गिळतील. व्हर्डररांच्या न्यायालयात हे प्रश्न बहुतेक महिन्यांत एकदा जाहीरपणे मांडले जातात. दालनात मुख्य अ‍ॅजिस्टर उभा राहून पुकारा करतो, आणि कुणालाही पुढे येऊन आपलं म्हणणं मांडता येतं. त्यासाठी कॉमनर असावं लागत नाही. कुंपणाबद्दल, गटाराबद्दल, मोकाट कुत्र्यांबद्दल तक्रारी येतात, तशा सायकलींबद्दलही येतात, आणि नव्या सायकलमार्गाची मागणी घेऊन आलेल्या स्वारालाही तिथेच, त्याच माणसांसमोर बोलावं लागतं.